ट्रेलरवर कॉइल, प्लेट, सळई बांधायची कशी

"वीस टनाची कॉइल आहे, ती हलतेय कुठे" असं कळंबोलीच्या लोखंड बाजारात लोडिंगच्या वेळी कोणीतरी बोलतंच आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कॉइल म्हणजे पोलादी पत्र्याची मोठी गुंडाळी, तिचं वजन जास्त म्हणजे धक्का पण जास्त. ब्रेक मारला की ट्रेलर थांबतो, कॉइल थांबत नाही, ती केबिनकडे निघते.

हिशोब सोपा आहे. कचकन ब्रेक लागला तर वजनाच्या 80 टक्के जोर पुढे जाणार असं धरून बांधायचं, बाजूला आणि मागे 50 टक्के. म्हणजे 20 टनाला पुढे 16 टन. लोखंडावर लोखंड असेल तर घर्षण फार तर 20 टक्के, म्हणजे 4 टन, तेल सांडलेलं असेल तर तेही नाही. मग उरलेले 12 टन कोण धरणार? चेन आणि पुढचा अडथळा. चांगली रबर मॅट खाली टाकली तर घर्षण 60 टक्क्यांपर्यंत जातं, म्हणून मॅटच्या पैशात कंजूषी करू नका.

आता कॉइल. गुंडाळीचं मधलं भोक आडवं, म्हणजे डावी-उजवीकडे तोंड करून ठेवली तर ती चाकासारखी पुढे गडगडते, भोक पुढे-मागे असेल तर वळणावर बाजूला. कशीही ठेवा, ती थेट ट्रेलरच्या तळाच्या फळीवर टेकता कामा नये, दोन जाड लाकडांच्या किंवा सेडलच्या, म्हणजे खोबणीसारख्या बैठकीच्या, मध्ये रुतून बसली पाहिजे, मग दोन्ही बाजूंनी पाचरी. लाकडी फळी असेल तर पाचर खिळ्यांनी ठोका, पण बऱ्याच ट्रेलरला तळाला चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा असतो, तिथे खिळा लागत नाही, तिथे चॅनलची सेडल वेल्ड करून आतून रबर लावून घ्या, एकदाच खर्च आहे. दगड किंवा विटा लावून काम भागवू नका, त्या फुटतात.

चेन भोकातून घ्यायची आणि ओढ दोन्हीकडे द्यायची, काही चेन पुढे, काही मागे. कळंबोलीहून चाकणला जाणाऱ्या गाडीचा बोरघाट चढताना माल मागे ओढतो, आणि जालन्याहून मुंबईकडे येताना कसारा घाट उतरताना पुढे, त्यामुळे एकाच दिशेला बांधलेली चेन अर्धंच काम करते. ग्रेड 80 ची, म्हणजे जास्त मजबूत पोलादाची, माल बांधायची 10 मिमी लॅशिंग चेन सरळ ओढीत साधारण 6.3 टन धरते, 50 मिमीचा बेल्ट अडीच टन, म्हणजे कॉइलला बेल्ट नकोच. किती टन धरते त्याचा टॅग नसलेली भंगारातली चेन कितीही जाड असू दे, तिच्यावर भरवसा नाही. आणि चेन कॉइलच्या धारेवरून जाते तिथे नीट बघा, कडी धारेवर आडवी वाकून बसलेली असते, तिथेच ती तुटते, वर कॉइलची कड चेपली म्हणून पार्टी माल परत करते ते वेगळंच. जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा कापून मध्ये घाला, झालं.

प्लेटचं एवढंच की पुढे हेडबोर्डला, म्हणजे केबिनमागच्या आडव्या भिंतीला, चिकटवून ठेवा, दोन प्लेटमध्ये तेल नको, 10 मिमी प्लेटचा एक चौरस मीटरच 78.5 किलो भरतो.

सळईत वेगळा ताप. 12 मीटरची सळई 40 फुटी ट्रेलरवर म्हणजे 12.19 मीटरवर, अगदी काठोकाठ बसते, त्यामुळे छोटी गाडी असेल तर घडी मारलेलीच सळई मागवा. मागे बाहेर काढून लाल फडकं बांधायचं दिवस गेले, 2014 पासून त्याला बंदीच आहे आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर माल बाहेर आला तर 20,000 रुपये दंड. बंडल बाजूच्या खुंट्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि नुसती वरून चेन टाकू नका, आतल्या सळया पुढे सरकत राहतात, बंडलभोवती पूर्ण वेढा घेऊन मगच टर्नबकल (चेन ताणायचा स्क्रू) आवळा.

निघाल्यावर 20-30 किलोमीटरवर चेन ढिली होतेच, लाकूड दबतं. घाटाआधी पार्किंगला गाडी लावून क्लिनरला नाही, स्वतः खाली उतरून हाताने हलवून बघा.

उतरवताना लोक घाई करतात. प्रत्येक बंडल किंवा कॉइल क्रेनच्या पट्ट्यात आल्याशिवाय तिची शेवटची चेन सोडू नका, आणि चेन ताणायच्या बाइंडरचा लिव्हर उघडताना तोंड त्याच्या रेषेत ठेवू नका, तो उलटा येऊन जबडाच तोडतो. पाचरी आणि मॅट टूलबॉक्समध्ये परत टाका, नाहीतर यार्डातच राहतात.