‘कशाला आणलंत?’ याला कारण सांगू नका

‘आईची माया कोणाला नको असते?’ अर्थ न बदलता विधानार्थी करा. यावर हमखास येणारं उत्तर : ‘आईची माया कोणालाच नको असते.’ झालं! अख्ख्या जगानं आईकडे पाठ फिरवली, गुणही गेला. ‘कोण दिसलं की कोणीच लिहा’ ही पाठ केलेली युक्ती इथे नडते.

आधी क्रियापद बघा. उत्तर नको असलेला प्रश्न उलटं बोलतो. क्रियापद होकारी असेल तर नकार घाला : ‘हे कोण ऐकणार?’ म्हणजे ‘हे कोणीच ऐकणार नाही.’ नकारी असेल तर नकार काढा आणि ‘कोणाला’चं ‘सर्वांना’ करा : ‘आईची माया सर्वांना हवी असते.’ काळाला हात लावू नका. ‘पाऊस कधी वेळेवर आला होता?’ याचं ‘कधीच आला नव्हता’ होतं, ‘आला नाही’ नव्हे.

‘किती’ला मात्र हा हिशेब लागू नाही. ‘तुला किती वेळा सांगितलं?’ म्हणजे खूपदा सांगितलं. नकाराचा पत्ताच नाही. ‘अशी किती पगारवाढ मिळाली?’ म्हणजे फारशी नाही. कोण कोणाला म्हणतंय हे बघावंच लागतं, आणि घाई झालेल्यांना नेमका त्याचाच कंटाळा.

‘कोणी का असेना’ हा प्रश्नच नाही. प्रश्नचिन्ह देऊ नका. ‘येणार ना?’ याला मात्र उत्तर हवं असतं.

‘मी लहान आहे का?’ हे खरंच विचारलेलं असू शकतं. ‘मी काय लहान आहे?’ म्हटलं की भांडण सुरू झालं समजा.

मराठी नव्यानं शिकणारे पाहुणे हमखास अडकतात ते दारात. पेढ्यांचा पुडा पुढे केला की घरातल्या काकू म्हणतात, ‘अहो, हे कशाला आणलंत?’ पाहुणा प्रामाणिकपणे सांगतो, ‘वाटेत दुकान लागलं म्हणून.’ काकूंचा चेहरा बघण्यासारखा होतो. तिथे ‘असू दे हो, मुलांना’ एवढंच म्हणायचं आणि पुडा हातात द्यायचा.

संस्कृत अलंकारशास्त्रात सुराच्या मुरडीलाही ‘काकु’च म्हणतात (ऱ्हस्व, घरातल्या काकूंशी नातं नाही). व्हॉट्सअ‍ॅपवर ती मुरड पोचत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर वैतागून ‘टाकी कोण धुणार?’ लिहिलंत की खाली चार जण तुमचंच नाव सुचवतात. सरळ ‘मला जमणार नाही’ लिहा.