बेघर व्हेटरन बाईला मदत करायचीय? अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी

नोव्हेंबरात व्हेटरन्स डे (व्हेटरन म्हणजे सैन्यात नोकरी करून बाहेर पडलेली व्यक्ती) आला की मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, आपण पण काहीतरी करूया ना, आणि मग ठरतं काय तर ब्लँकेट गोळा करा, कॅन फूड गोळा करा. नावं ठेवत नाहीये, पण बेघर झालेल्या व्हेटरन बाईचं ब्लँकेटवाचून फारसं अडत नाही. तिचं अडतं कागदांपाशी, मुलांपाशी, आतून कडी लागणाऱ्या खोलीपाशी, आणि सगळ्यात जास्त अडतं ट्रान्झिशनल हाउसिंगमधून बाहेर पडताना. बेड मिळवून द्यायला लोक धावतात, तिथून पुढे स्वतःच्या घरात जायची वेळ येते तेव्हा कोणी नसतं. आपल्यासारख्यांचा खरा उपयोग तिथे आहे म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी हे ट्रान्झिशनल हाउसिंग म्हणजे काय ते. शेल्टर म्हणजे रात्रीपुरती सोय, सकाळी बॅग उचलून बाहेर. ट्रान्झिशनलमध्ये खोली किंवा छोटं अपार्टमेंट मिळतं, जास्तीत जास्त २४ महिने राहता येतं, सोबत केस मॅनेजर असते, आणि या काळात उपचार, नोकरी, कागदपत्रं, पक्कं घर हे सगळं मार्गी लावायचं असतं. बहुतेक ठिकाणी पैसे व्हीएच्या, म्हणजे व्हेटरन्स अफेअर्स खात्याच्या, ग्रँट अँड पर डिएम नावाच्या स्कीममधून येतात आणि प्रत्यक्षात जागा स्थानिक संस्था चालवतात, म्हणूनच एका गावातली जागा छान आणि पुढच्या गावातली भिकार असं होऊ शकतं.

ओळखायचं कसं

या बायका फुटपाथवर झोपलेल्या दिसत नाहीत हो. गाडीत झोपतात, मैत्रिणीच्या सोफ्यावर आठवडा काढतात, नाहीतर जिथून पळून यायला हवं त्याच माणसाच्या घरी परत जातात कारण मुलांना रात्री कुठे नेणार. दर जानेवारीत देशभर एका रात्री बेघर लोकांची मोजणी होते, २०२४ च्या मोजणीत ३२,८८२ व्हेटरन्स निघाले आणि त्यात बायका साधारण दहात एक, पण सोफ्यावर झोपणारी त्यात येतच नाही, त्यामुळे खरा आकडा मोठाच असणार असं माझं मत.

लायब्ररीत, फूड पँट्रीत, मुलांच्या शाळेत कोणी भेटली तर 'तुम्ही व्हेटरन आहात का' असं विचारू नका, बऱ्याच जणी सरळ नाही म्हणतात, कारण त्यांच्या डोक्यात व्हेटरन म्हणजे लढाईवर गेलेला पुरुष. 'आर्मी, नेव्ही, गार्ड, रिझर्व्ह, कशात कधी नोकरी केलीत का' असं विचारा.

हो म्हणाली तर पहिला फोन ८७७-४२४-३८३८, ही बेघर व्हेटरन्ससाठीची व्हीएची लाइन, चोवीस तास चालू आणि फुकट. फक्त महिलांसाठीची वेगळी लाइन ८५५-८२९-६६३६. जिवाचं काही बरंवाईट करून घेईल असं वाटलं तर ९८८ लावून १ दाबायचं, तिथे वाट बघत बसायचं नाही. पहिल्या लाइनवरून जवळच्या व्हीए हॉस्पिटलच्या होमलेस टीमला निरोप जातो आणि मग ते उलटा फोन करतात. हा उलटा फोन चुकतो! फोनची बॅटरी गेलेली, प्रीपेडचे पैसे संपलेले, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून उचललाच नाही. तेव्हा तिला गाडीत चालणारा चार्जर आणि महिन्याचं रिचार्ज द्या, ही पन्नास डॉलरच्या आतली मदत माझ्या मते शंभर ब्लँकेटांपेक्षा भारी आहे.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, अगं आमचं बेसमेंट रिकामंच आहे, राहू दे तिला दोन महिने. मन मोठं आहे, पण थांबा. बऱ्याच प्रोग्रामच्या नियमांत कोणाच्या घरी राहणारी बाई 'बेघर' या व्याख्येत बसत नाही, म्हणजे तुमच्या बेसमेंटमुळे तिचा नंबरच मागे जाऊ शकतो. अगदीच अडलं तर होमलेस टीमशी बोलून, एखाद-दोन रात्रींचं मोटेलचं बिल भरा, ते परवडलं. आणि हो, घरातल्या मारहाणीतून पळून आलेली असेल तर ते टीमला स्पष्ट सांगायला लावा, कारण ती बाई कोणाच्या घरी असली तरी व्हीएच्या लेखी बेघर धरता येते. घर अजून गेलं नाहीये पण जायच्या बेतात आहे, भाडं थकलंय, अशी केस असेल तर एसएसव्हीएफ नावाची दुसरी स्कीम आहे, त्यात थकलेलं भाडं किंवा नव्या घराचं डिपॉझिट मिळू शकतं. फोन वरच्या पहिल्याच लाइनला, फक्त एसएसव्हीएफचं नाव घेऊन विचारायचं.

कागद

सगळ्यात महत्त्वाचा कागद डीडी-२१४, सैन्यातून सुटल्याचा दाखला. तो बहुतेक वेळा हरवलेला असतो, स्टोरेज युनिटचं भाडं थकलं आणि सगळं सामान लिलावात गेलं, त्यात तोही. घाबरायचं कारण नाही, सेंट लुईसच्या राष्ट्रीय रेकॉर्ड सेंटरमधून परत मिळतो, नॅशनल अर्काइव्हजच्या वेबसाइटवरून ऑनलाइन मागवता येतो, स्वतःसाठी मागवला तर पैसे पडत नाहीत. अर्जात बेघर असल्याचं लिहा म्हणजे अर्जंट म्हणून बघतात. पण तो येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही, होमलेस टीम तिची सर्व्हिस कॉम्प्युटरवरच तपासू शकते.

दाखल्यावर 'ऑनरेबल' (म्हणजे सन्मानाने सुटका) ऐवजी दुसरं काही लिहिलं असेल तर ती स्वतःच सांगेल, मला काही मिळणार नाही. तिचं ऐकू नका! डिसऑनरेबल डिस्चार्ज आणि कोर्ट मार्शलच्या शिक्षेने काढून टाकणं ही गोष्ट वेगळी, पण 'अदर दॅन ऑनरेबल' असेल तरी ट्रान्झिशनल हाउसिंग आणि एसएसव्हीएफ बहुतेक वेळा मिळू शकतं. लैंगिक अत्याचारानंतर बाई बिनसली, ड्यूटी चुकवली आणि त्यावरून काढली, अशी उदाहरणं खूप आहेत, आणि अशा डिस्चार्जचा दर्जा सुधारून घ्यायला वेगळा अर्ज असतो, त्यासाठी लीगल एड क्लिनिक, म्हणजे फुकट कायदेशीर मदत देणारी जागा, गाठा, स्वतः फॉर्म भरायला जाऊ नका.

बाकीचे कागद म्हणजे जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, फोटो आयडी, मुलांचे जन्मदाखले आणि लसीचे रेकॉर्ड. एका प्लास्टिकच्या झिपवाल्या फोल्डरमध्ये ठेवायला द्या आणि सगळ्याचे फोटो तिच्याच ईमेलवर पाठवून ठेवायला सांगा, तुमच्या फोनमध्ये नकोत.

जागा बघताना काय विचारायचं

२०११ च्या डिसेंबरात अमेरिकन संसदेच्या ऑडिट खात्याने, जीएओने, बेघर महिला व्हेटरन्सवर रिपोर्ट काढला होता, त्यात निघालं की बायकांना घेणाऱ्या ग्रँट अँड पर डिएम प्रोग्रामांपैकी ६० टक्क्यांहून जास्त मुलांना घेतच नव्हते, आणि जे घेत त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मुलांच्या वयावर नाहीतर संख्येवर बंधन. म्हणजे बाईने पलंग घ्यायचा तर पोर कुठे ठेवायचं? जॅस बूथ नावाच्या आर्मी रिझर्व्हमधल्या कॅप्टनचं घर २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळात गेलं, पाठोपाठ कॅन्सर निघाला, पदरात मुलगा आणि आई-मुलाला एकत्र ठेवील अशी सोयच सापडेना, त्या अनुभवातून तिने २०१० मध्ये फायनल सॅल्यूट ही संस्था काढली आणि व्हर्जिनियात खास व्हेटरन बायका आणि त्यांच्या मुलांसाठी घर चालू केलं. तेव्हापासून परिस्थिती सुधारलीय, पण सगळीकडे नाही.

म्हणून जागा नक्की करायच्या आधी फोनवर हे विचारा: खोलीला आतून कुलूप आहे का? बायकांचा मजला किंवा विंग वेगळी आहे का, की बाथरूमला जाताना पुरुषांच्या कॉरिडॉरमधून जावं लागतं? रात्रपाळीला बाई स्टाफ असते का? मुलगा किती वर्षांपर्यंत चालतो (बारा-तेराच्या मुलावर बरेच अडतात)? कुत्रा चालतो का? हसू नका, कुत्र्यापायी जागा नाकारणाऱ्या बायका असतात आणि त्यांचं चूक आहे असं मला वाटत नाही. उत्पन्न असेल तर ३० टक्क्यांपर्यंत फी घेऊ शकतात, ती किती? आणि कोणत्या कारणावरून बाहेर काढतात, ते लेखी द्या म्हणावं.

कुलुपावर एवढा जोर देतेय त्याला कारण आहे. व्हीएमध्ये उपचाराला येणाऱ्या महिलांपैकी तीनात एक जण सांगते की सैन्यात नोकरीत असताना तिच्यावर लैंगिक अत्याचार किंवा छळ झाला. तीनात एक! म्हणून तुम्ही विचारायचं नाही. काय झालं, कधी झालं, कोणी केलं, एक शब्द नाही. तिने आपणहून सांगितलं तर ऐकायचं आणि एवढंच सांगायचं की यावरचे उपचार व्हीएत फुकट मिळतात, तेव्हा तक्रार केली होती की नाही याचा पुरावा लागत नाही, आणि प्रत्येक व्हीए हॉस्पिटलमध्ये यासाठी वेगळी कोऑर्डिनेटर असते. आपल्या बायकांना (मी धरून) आपुलकीने खोदून खोदून विचारायची सवय असते, ती घरी ठेवून जा.

आत गेल्यावर

पहिले दोन-तीन आठवडे तिला झोपू द्या. मग मात्र दोन गोष्टी लगेच.

एक, सैन्यातल्या नोकरीमुळे झालेल्या दुखापती-आजारांसाठी व्हीएकडे अपंगत्व भरपाईचा क्लेम. पूर्ण क्लेम तयार व्हायला वेळ लागतो, पण 'इंटेंट टू फाइल', म्हणजे क्लेम करणार असल्याची नोंद, आज केली तर पुढे वर्षभरात पूर्ण अर्ज करता येतो आणि मंजूर झाल्यावर पैसे साधारण त्या आजच्या तारखेपासून मोजतात. बेघर असल्याचं कळवलं की फाइल वर घेतात. मदतीला काउंटीचा व्हेटरन सर्व्हिस ऑफिसर, नाहीतर डीएव्ही किंवा अमेरिकन लीजन या व्हेटरन्सच्या संस्था, हे लोक फुकट करतात. 'भरपाईतले इतके टक्के द्या, आम्ही करून देतो' म्हणणारा कोणी भेटला तर तिला हाताला धरून तिथून बाहेर काढा. अत्याचाराशी संबंधित क्लेम असेल तर पोलिस रिपोर्ट नसला तरी चालतं, त्या काळात अचानक बदली मागितलेली, कामाचा रिपोर्ट घसरलेला, बहिणीला लिहिलेलं पत्र, असल्या गोष्टी पुरावा म्हणून धरतात.

दोन, पक्क्या घराचा अर्ज. एचयूडी-व्हॅश ही सरकारी गृहनिर्माण खातं (एचयूडी) आणि व्हीए यांची एकत्र स्कीम, तिचं व्हाउचर म्हणजे भाड्याला मदत आणि सोबत व्हीएची केस मॅनेजर. ती स्वतःच्या उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरते, बाकीचं भाडं ठरावीक मर्यादेपर्यंत हाउसिंग ऑथॉरिटी, म्हणजे गावातलं सरकारी घरांचं ऑफिस, थेट घरमालकाला देते. याचा विषय पहिल्याच महिन्यात केस मॅनेजरकडे काढायला सांगा. चोवीस महिने खूप वाटतात, अठरावा कधी उजाडतो कळत नाही.

आणि इथे आपण

व्हाउचर हातात पडलं की घर शोधायला किमान १२० दिवस मिळतात, आणि त्यात घर सापडत नाही, कारण क्रेडिट स्कोअर खराब, जुनं एव्हिक्शन (घरातून काढल्याची केस) रेकॉर्डवर, आणि व्हाउचर म्हटल्यावर मालकाचं तोंड वाकडं. आता सांगा, आपल्यापैकी किती जणांचं एक टाउनहाउस किंवा कॉन्डो भाड्याने दिलेला आहे? दिवाळीला जमलेल्या दहा घरांत तीन तरी निघतील! लोकल हाउसिंग ऑथॉरिटीला फोन करून सांगा की व्हॅशच्या भाडेकरूला द्यायचंय. इन्स्पेक्शन होतं, त्यात बहुधा बारीकसारीक गोष्टी अडतात, स्मोक डिटेक्टर चालत नाही, जिन्याला कठडा नाही, खिडकीची कडी तुटलेली. ते एका शनिवारचं काम आहे. भाड्याचा मोठा भाग दर महिन्याला सरकारकडून येतो आणि काही बिनसलं तर फोन करायला केस मॅनेजर असते, ही सोय तुमच्या आत्ताच्या भाडेकरूच्या बाबतीत आहे का? 'भाड्याच्या तिप्पट पगार' ही अट लावायचीच तर तिच्या वाट्याच्या भाड्यावर लावा, पूर्ण भाड्यावर नको.

रेंटल नसेल तर सामान. नव्या घराची चावी मिळते त्या दिवशी घर अक्षरशः रिकामं असतं. लोक देतात काय तर जुने डिनर सेट आणि शोपीस. लागतं काय: पहिल्या रात्रीसाठी एअर मॅट्रेस पंपासकट, उशी, शॉवरचा पडदा आणि त्याच्या रिंगा (रिंगा हमखास विसरतात), टॉयलेट पेपर, कॅन ओपनर, एक पातेलं, एक तवा, सुरी, केराची बादली, झाडू, बल्ब, आणि दारासाठी जास्तीची कडी, पण ती मालकाला विचारून. आमच्याकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्याऐवजी तेच पैसे एकत्र करून असे बॉक्स भरायचं ठरवलं, थोडी कुरकुर झाली, पण झालं. सामान नवीन नाहीतर नव्यासारखं, आणि रंग तिला निवडू द्या. खोकी दारापर्यंत न्यायची, आत बोलावलं तर आत जायचं, फोटो काढायचा नाही, मंडळाच्या पेजवर टाकायचा तर अजिबात नाही, पत्ता कोणालाही सांगायचा नाही. एखादीचा नवरा तिला शोधत असतो.

नियमित काम करायचं असेल तर प्रत्येक व्हीए हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियरसाठी ऑफिस असतं, तिथे नाव नोंदवा, बॅकग्राउंड चेक होतो, वेळ लागतो, चिडू नका. सगळ्यात जास्त टंचाई असते ती गाडीतून सोडणाऱ्यांची आणि अपॉइंटमेंटच्या वेळात मुलं सांभाळणाऱ्यांची.

आणि घर मिळून सगळं सुरळीत झाल्यावर एक गोष्ट कॅलेंडरमध्ये घालायला लावा. व्हाउचर चालू ठेवायचं तर उत्पन्नाचे कागद ठरावीक काळाने परत द्यावे लागतात, त्याचं पत्र साध्या पोस्टाने येतं आणि जाहिरातींच्या गठ्ठ्यात जातं, मुदत गेली की व्हाउचर धोक्यात. तारीख केस मॅनेजरकडून लिहून घ्या आणि त्याच्या दोन महिने आधीचा अलार्म तिच्या फोनवर लावायला सांगा.