उन्हाळ्याच्या तोंडावर धरणावर पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

मार्च उजाडला की कुणाचा तरी मेसेज येतोच, 'सीझन संपला ना आता?' आणि दरवर्षी मी तितकाच चिडतो. अरे सीझन संपत नाही, नुसती दिशा बदलते. हिवाळाभर दक्षिणेला राहिलेले पक्षी आता उत्तरेकडे निघालेले असतात, वाटेत धरण दिसलं की उतरतात, दोन-चार दिवस पोटभर खातात आणि एखाद्या संध्याकाळी उठून जातात, आणि नेमकं याच दिवसांत पाणी ओसरून गाळ उघडा पडलेला असतो, म्हणजे चिखलात चोच खुपसणाऱ्यांची चैनच. त्यामुळे घरी बसणं ही पहिली चूक. पण ती परवडली. घराबाहेर पडणारे लोक ज्या करतात त्या जास्त महाग पडतात.

सगळ्यात वाईट म्हणजे गाडीतून उतरून तडक पाण्याकडे चालत सुटणं.

एकदा एप्रिलमध्ये मी उजाडायच्या आत बांधाच्या उतारावर जाऊन बसलो होतो. समोरच्या गाळावर साठ-सत्तर गॉडविट (लांब चोचीचे, चिखलात खाणारे पाहुणे पक्षी), त्यातल्या निम्म्यांच्या माना आणि छात्या विटेसारख्या लालसर झालेल्या, मधेमधे काटकुळ्या लांब पायांचे शेकाटे, आणि कडेला चिमुकल्या टिलव्यांची पळापळ. तासभर बसलो तेव्हा ते चरत चरत माझ्याच दिशेला सरकायला लागले होते. तेवढ्यात दोन पोरं आली, गळ्यात हातभर लेन्स. 'काका, काय आहे इथे?' म्हटलं बस खाली, दहा मिनिटांत ते स्वतःच जवळ येतायत. एक बसला. दुसरा म्हणाला, 'एकच फ्रेम घेऊन येतो', आणि निघाला सरळ. आधी टिटवी ओरडली. टिटवी ओरडली की समजायचं आपण पकडले गेलो, तिथेच थांबायचं, पण हा गडी चालतोच आहे. मग शेकाटे उठले, मग सगळा गाळच उठला आणि पलीकडच्या काठाला जाऊन बसला, दुर्बिणीतूनही नुसते ठिपके. त्याला फ्रेम मिळाली, सत्तर शेपट्यांची.

वर मला म्हणतो, 'हजारो किलोमीटर उडणारे पक्षी हे, शंभर फुटांनी काय होतंय?' हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की आता उत्तर पाठ आहे. याच गॉडविटांचा एक भाऊबंद, पट्टेरी शेपटीवाला, 2022 साली अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर न थांबता उडाला, 11 दिवस. पण निघण्याआधी हे पक्षी खाऊन खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतात, त्या चरबीवरच सगळा प्रवास. आपल्या धरणावर उतरलेला थवासुद्धा तेच करत असतो, टाकी भरत असतो. त्याला दिवसातून पाच वेळा पाच जणांनी उठवलं तर तो भरतोय कमी आणि जाळतोय जास्त.

माझी सवय सांगतो, तिला पद्धत वगैरे म्हणू नका. पोचलो की आधी ऊन पाठीवर येईल अशी जागा धरतो आणि बसतो. पहिली वीस मिनिटं दुर्बीण डोळ्याला लावतच नाही, नुसतं कुठे काय हलतंय ते बघतो. पक्षी खायचं थांबवून मान ताठ करून उभे राहिले म्हणजे आपण जवळ गेलोय, आणि चालत लांब जायला लागले म्हणजे आधीच फार जवळ गेलोय. ज्यांना वीस मिनिटं बसवत नाही त्यांनी प्राणीसंग्रहालयात जावं, तिथे पिंजऱ्यावर नावाची पाटीपण असते.

किरकोळ चुका पटापट. नऊ-दहानंतर उन्हाची झळ नाचायला लागते तेव्हा स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) 60 एक्सला, म्हणजे साठपट मोठं दाखवण्यावर, लावून शिव्या देऊ नका, 20-25 वर आणा नाहीतर सरळ घरी जा. हातात धरायची दुर्बीण 8 बाय 42 (आठपट, पुढची काच 42 मिलिमीटर) पुरते, 20 एक्सवाली नुसती थरथरते. फोनवर आवाज वाजवून पक्षी बोलवणं बंद करा, याच्यावर चर्चा नाही. मर्लिन अ‍ॅपने आवाजावरून नाव सुचवलं म्हणजे पक्षी दिसला असं होत नाही, लिस्टमध्ये टाकायच्या आधी तो डोळ्यांनी शोधा. आणि वळीव पडून गेल्यावर आळस करू नका, रात्री उडणारे थवे वाटेत पाऊस किंवा उलटा वारा लागला की मिळेल तिथे खाली उतरतात, दुसऱ्या दिवशीची सकाळ सोन्यासारखी असते.

आता दुसरी मोठी चूक, आणि ही मी स्वतः केलेली आहे. रंग बघून नाव ठोकून देणं. हिवाळाभर आपण हे पक्षी करड्या-पांढऱ्या कपड्यांत बघितलेले असतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये ते विणीचा पिसारा चढवायला लागतात, तेसुद्धा एकदम नाही, कुणी पूर्ण, कुणी अर्धा, कुणी नुसता डागाडागांचा. कर्ल्यू सँडपायपर, हा चिखलातलाच एक छोटा पक्षी, तर राखाडीचा पार तांबडा होतो.

तर झालं असं, मी नवीन होतो, आणि मला एक सुरय (पाण्यावर घिरट्या घालणारा पक्षी, इंग्रजीत टर्न) दिसला ज्याचं डोकं काळं आणि पोट पण काळं. पुस्तक उघडलं, काळ्या पोटाचा सुरय! केवढा दुर्मिळ, धोक्यात आलेला पक्षी, माझे हात कापत होते. ग्रुपवर टाकलं, तीन उद्गारचिन्हांसकट. दुसऱ्या दिवशी पहाटे आठ जण हजर, त्यातले दोघे रात्रभर प्रवास करून आलेले. आमच्यातले एक जुने जाणकार दुर्बिणीतून पाच मिनिटं बघत राहिले आणि शांतपणे म्हणाले, 'चोच बघितली होतीस का रे?' नव्हती बघितली. काळ्या पोटाच्या सुरयाची चोच पिवळी-केशरी, शेपूट लांब आणि खोल दुभंगलेली. माझ्या पक्ष्याची चोच गडद लाल, शेपूट आखूड, खाच नावाला, काळ्या टोपीखाली पांढरा गाल, आणि पोट काळं नाही तर गडद राखाडी. म्हणजे हिवाळाभर डझनांनी दिसणारा व्हिस्कर्ड टर्नच, नव्या कपड्यांत. कुणी काही बोललं नाही, चहा मात्र सगळ्यांनी माझ्याकडून घेतला.

तेव्हापासून मी रंग शेवटी बघतो. आधी चोच, किती लांब, सरळ का वाकडी, मग पाय, मग शेपूट, मग चाल. टिलव्यांचंच घ्या, छोट्या टिलव्याचे पाय काळे आणि टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवट, पिसारा काही का असेना. (चिखल लागलेले पाय सगळेच काळे दिसतात, तेवढं सांभाळा.) आणि दुर्मिळ काही दिसलं असं वाटलं तर आधी तो नेहमीचाच पक्षी कसा असू शकेल याची कारणं शोधा, सापडली नाहीत तरच ग्रुपवर टाका. हल्ली पोरं उलटं करतात, फोटो काढायच्या आधी पोस्ट तयार असते.

पायांवरून आठवलं, अभ्यासकांनी पायात कडी किंवा रंगीत फ्लॅग (छोटी पट्टी) लावलेला पक्षी दिसला आणि 'हो, काहीतरी पिवळं होतं' असं सांगणारे लोक भेटतात तेव्हा डोकं आपटून घ्यावंसं वाटतं. रंग कुठला, कुठल्या पायाला, सांध्याच्या वर का खाली, त्याच्यावरची अक्षरं, सगळं तिथल्या तिथे लिहायचं, धूसर का होईना फोटो काढायचा आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवायचं. पक्षी कुठून आला ते त्या रंगांवरून आणि अक्षरांवरून समजतं.

मोजताना 'खूप होते' लिहू नका. दहा मोजा, तेवढी जागा नजरेत धरा आणि थव्यावर तेवढेच तुकडे पाडत जा. आणि काहीच दिसलं नाही तर तेही लिहा, आठ एप्रिलला शून्य ही पण नोंदच आहे.

राहता राहिला गाळ. वरून भेगाळलेला, कोरडा खडखडीत दिसतो आणि चार पावलांवर गुडघाभर आत जातो. गाळपेर केलेल्या, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पेरलेल्या, तुकड्यापर्यंत जमीन धरते, त्याच्या पुढे नाही. वर सांगितलेला फ्रेमवाला परत येताना तिथेच रुतला होता, त्याला आम्ही ट्रायपॉड धरायला देऊन ओढून काढलं, एक बूट अजून तिथेच आहे.