सायकल ऑनलाइन मागवावी की दुकानातून घ्यावी?

हा प्रश्न बहुतेक जण किमतीच्या अंगाने सोडवू पाहतात. माझ्या मते तो आधी मापाचा आणि मग जोडणीचा प्रश्न आहे. पहिलीच सायकल घेणाऱ्याने आणि मुलांसाठी घेणाऱ्याने सरळ दुकान गाठावे. सायकलची दांडी दोन पायांमध्ये घेऊन दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभे राहिल्यावर मध्ये दोन-तीन बोटे तरी अंतर उरते का आणि टाच खालच्या पायडलवर ठेवली असता पाय सरळ होतो का, हे तिथे दोन मिनिटांत कळते. पडद्यावरच्या तक्त्यातून ते कळत नाही, कारण एकाच उंचीच्या दोन माणसांच्या पायांची लांबी सारखी नसते. (दुकानात तासभर सायकली फिरवून पाहायच्या आणि खरेदी मात्र मोबाइलवर करायची, हे दुकानदाराच्या लक्षात येत नाही असे कृपया समजू नये.)

ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. पुढचे चाक, हँडल, सीट आणि पायडल बसवण्याचे काम आपल्याकडे राहते, म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वीच जवळचा कारागीर बाहेरची सायकल जोडून देईल का आणि त्याचे किती घेईल, हे विचारून ठेवावे. खोके उघडतानाचे चित्रीकरण सलग करावे आणि सायकल रस्त्यावर चालवून होईपर्यंत खोके मोडीत देऊ नये.

स्वतः जोडणार असाल, तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे विसरू नका. ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने घट्ट होते. मी ते घाईत उजवीकडे दामटले, अॅल्युमिनियमच्या क्रँकचे (पायडल ज्या दांड्यात बसते त्याचे) आटे गेले आणि ऑनलाइन वाचवलेले पैसे नव्या क्रँकमध्ये गेले. खोक्यात पुष्कळदा पुढचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा चिमटा, मागे वळवलेला असतो. तो तसाच ठेवून हँडल बसवणारेही कमी नाहीत. डिस्क ब्रेक नसून रिमला (चाकाच्या धातूच्या कडीला) धरणारे ब्रेक असतील, तर पुढचा ब्रेक फोर्कच्या पुढच्या बाजूला दिसला पाहिजे. सीटच्या नळीवर कमाल उंचीची खूण असते. ती फ्रेमच्या नळीबाहेर दिसता कामा नये.

किमतीची तुलना करताना स्टँड, मडगार्ड, कुलूप, जोडणी आणि पहिली सर्व्हिस हे सारे मिळून आकडा मांडावा. पहिल्या महिन्यात गिअरच्या केबल सैलावतात, आरेही थोडे ढिले होतात, आणि चाकाचा आउट (फिरताना होणारी डगमग) काढून घ्यावा लागतो. अनेक दुकानदार हे फुकट करून देतात. सायकलींवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे, तेव्हा पक्के बिल मागताना संकोच करू नये. त्यावर फ्रेमचा क्रमांक लिहून घ्यावा. तो बहुधा पायडलच्या आसाखाली कोरलेला असतो आणि सायकल चोरीला गेल्यास पोलिसांत तोच कामी येतो.

ऑनलाइन व्यवहारात तक्रार उद्भवल्यास 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच देणे आणि महिन्याभरात निवारण करणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. टायर, ट्यूब, दिवे मात्र खुशाल ऑनलाइन मागवावेत, फक्त जुन्या टायरच्या कडेवर छापलेले 26 × 1.95 यासारखे माप आणि व्हॉल्व्हचा प्रकार आधी पाहून घ्यावा.