समरी सूट टाकताय? मग त्याच त्या चुका तरी करू नका

दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ३७, म्हणजे समरी सूट (झटपट दावा), ही उधारी वसुलीची जवळची वाट, असं कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगतं आणि माणूस बिलांची पिशवी घेऊन वकिलाकडे धावतो. वाट खरंच जवळची आहे. साध्या दाव्यात प्रतिवादी कैफियत (लेखी उत्तर) देतो, मुद्दे निघतात, साक्षी होतात. इथे प्रतिवादीला बचाव करायचा तर आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते. ती नाही मिळाली तर थेट हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा आदेश. पण ही सवलत चोख कागदवाल्याला आहे. कागद अर्धवट असले की दावा समरी आहे की नाही, याच वादात तारखांमागून तारखा जातात.

खातेउतारा पुढे करणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त नुकसान करते, म्हणून हिच्यावर जरा थांबू.

समजा, इचलकरंजीचा एक सूतव्यापारी आहे. आठ बिलं, एकूण ११,४०,००० रुपये. समोरच्याने अधूनमधून मिळून २,५०,००० दिले. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये शिल्लक दिसते ८,९०,०००. व्यापारी काय करतो? लेजरची (खातेउताऱ्याची) प्रिंट काढतो, शेवटच्या आकड्याखाली लाल रेघ मारतो आणि म्हणतो, ‘यावर दावा टाका.’ वर ‘बाजारात पत गेली’ म्हणून २,००,००० नुकसानभरपाई आणि कुठेच न ठरलेलं २४ टक्के व्याज.

आता यात काय बिघडलं ते बघा. आदेश ३७ ला लागतो लेखी करार, किंवा हुंडी, वचनचिठ्ठी (पैसे देण्याचं सही केलेलं लेखी वचन), चेक यांसारखा दस्त, आणि त्यातून निघणारी ठरीव रक्कम. लेजर तुमच्या मुनिमाने तुमच्याच दुकानात लिहिलेलं असतं, तो दोघांमधला करार नव्हे. बिल आणि त्यासोबत माल मिळाल्याची सही असलेलं चलन हा पाया होऊ शकतो. नुसती शिल्लक धरून गेलात की ‘हा तर हिशेबाचा दावा’ असा पहिला आक्षेप ठरलेलाच. पत गेल्याची भरपाई ही ठरीव रक्कम नाही, ती पुराव्याने सिद्ध करावी लागते. आणि दाव्यात तर शपथेवर लिहायचं असतं की या आदेशाबाहेरची कोणतीही दाद मागितलेली नाही. म्हणजे दोन लाखांच्या हौसेपायी जवळजवळ नऊ लाखांचा सरळ दावा वाकडा झाला.

दावा टाकायच्या मुदतीचं गणितही लेजरवाले हमखास चुकतात. ‘खातं चालू आहे, शेवटची नोंद मागच्या वर्षीची आहे, मग तीन वर्षं तिथून’ हा समज पक्का डोक्यात बसलेला असतो. तो नियम परस्पर खात्याचा आहे, जिथे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर येणं निघू शकतं. तुम्ही माल दिला, त्याने पैसे दिले, एवढ्याने खातं परस्पर होत नाही. उधारीचे दिवस ठरलेले असतील तर तीन वर्षं ते दिवस संपल्यापासून, नसतील तर माल पोचवल्यापासून. प्रत्येक बिलाची मुदत वेगळी पळते.

उपाय म्हणून एक तक्ता करा आणि तो तक्ता झाल्याशिवाय दाव्याच्या मसुद्याला हात लावू नका. रकाने सात: बिल क्रमांक, तारीख, उधारीचे दिवस, देय तारीख, रक्कम, जमा, बाकी. आलेले पैसे कुठल्या बिलात वळते करायचे हेही मनाने ठरवायचं नसतं. करार कायद्याची कलमं ५९ ते ६१ बघा: देणाऱ्याने पैसे देताना सांगितलं असेल तर तसं, नसेल तर घेणाऱ्याच्या मर्जीने, दोघांनीही काही केलं नसेल तर जुन्या बिलापासून क्रमाने. एक पद्धत धरा आणि दाव्यात ती एका वाक्यात लिहा. प्रतिवादीने कधी डेबिट नोट (बिलातून रक्कम कापत असल्याची चिठ्ठी) पाठवली असेल तर ती लपवू नका. बचावाच्या अर्जाला तीच पहिली जोडलेली असते, आणि मग ‘लपवली का?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. ती मान्य नसेल तर का नाही ते तुम्हीच आधी लिहा. मान्य असेल तर रक्कम वजा करून उरलेलं मागा.

मुदत संपत आली असेल तर ती संपायच्या आत समोरच्याकडून सहीनिशी कर्जाची कबुली घ्या. कबुलीपासून तीन वर्षं पुन्हा मोजली जातात. संपल्यावर घेतलेल्या नुसत्या कबुलीचा त्यासाठी उपयोग नाही. तेव्हा ‘देईन’ असं लेखी, सही केलेलं वचन लागतं. ‘हो शेठ, बघतो’ हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज म्हणजे तसं वचन नव्हे. मेसेज पुराव्यात वापरायचेच असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत हवं. स्क्रीनशॉटचा गठ्ठा लावून कोर्टाला उपकृत करू नका.

वचनचिठ्ठी

रेव्हेन्यू स्टॅम्प नाही, किंवा आहे पण सही स्टॅम्पवरून गेलेली नाही. कायद्याच्या नजरेत रद्द न केलेला चिकट स्टॅम्प म्हणजे स्टॅम्प नसणंच. इतर बऱ्याच दस्तांना दंड भरून जीव येतो, वचनचिठ्ठीला येत नाही. ती पुराव्यात वाचलीच जात नाही. आणखी एक: ‘मागणी करताच देईन’ आणि ‘सहा महिन्यांनी देईन’ या दोन चिठ्ठ्यांची स्टॅम्प ड्युटी सारखी नसते. दुसरीवर एक रुपयाचं तिकीट चिकटवून निश्चिंत होणारे पुष्कळ आहेत. मागणीवरच्या चिठ्ठीची मुदत चिठ्ठीच्या तारखेपासून धावते, तुम्ही नोटीस दिल्यापासून नाही. आणि चिठ्ठीत व्याजाचा दर नसेल तर परक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम ८० प्रमाणे १८ टक्के मागा. मनाने ३६ लिहू नका.

या चुकांना एकेक ओळ पुरे

दाव्याच्या शीर्षकात क्रमांकाखाली ‘दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या आदेश ३७ खाली’ असं लिहायचं राहतं. एवढ्या एका ओळीचा आळस करू नका.

भागीदारी फर्म नोंदलेली नाही? मग भागीदारी कायद्याच्या कलम ६९ मुळे करारावरचा दावा टिकत नाही. आधी नोंदणी, मग दावा.

करारात लवादाचं कलम आहे का ते वाचा. प्रतिवादीचा वकील नक्की वाचतो.

वारंवार व्याजाने पैसे देणारा आणि सावकारीचा परवाना नसलेला माणूस हातउसन्याचा दावा घेऊन आला, तर महाराष्ट्राचा २०१४ चा सावकारी कायदा त्याच्या आडवा येणारच.

नुसत्या बँक ट्रान्सफरवर समरी सूट होत नाही. लेखी कागद लागतो. साधा दावा टाका.

कलम १२ए ला बगल

वाद व्यापारी असेल आणि रक्कम ३ लाख किंवा त्याहून जास्त, तर व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे आधी मध्यस्थी. ती सक्तीची असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात १७ ऑगस्ट २०२२ ला सांगितलं. २० ऑगस्ट २०२२ नंतर मध्यस्थीशिवाय टाकलेला दावा फेटाळला जातो. त्यावर घायकुतीला आलेल्यांची युक्ती ठरलेली: तातडीच्या मनाईची एक खोटी मागणी चिकटवायची म्हणजे मध्यस्थी टळते. २०२३ मध्ये यामिनी मनोहर प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की ही तातडी खरी की सोंग, हे कोर्ट तपासू शकतं. कशाला असली कारागिरी? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. समोरचा आला नाही तर तसा अहवाल मिळतो. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजला जात नाही. मुळात तीन महिने, दोघांच्या संमतीने आणखी दोन. तेवढा धीर नसेल तर उधारी देतानाच जरा हात आखडता घ्यायला हवा होता.

दहा अधिक दहा

हा भाग वादी आणि प्रतिवादी दोघेही चुकवतात. समन्स बजावल्यापासून १० दिवसांत प्रतिवादीने हजर व्हायचं आणि पत्ता द्यायचा. नाही झाला तर दाव्यातलं कथन मान्य धरून हुकूमनामा. हजर झाला की चेंडू वादीकडे. त्याने ‘समन्स फॉर जजमेंट’ (निकाल मागणारं दुसरं समन्स) नमुना ४ए मध्ये, सोबत प्रतिज्ञापत्र, असं बजावायचं. ते मिळाल्यापासून पुन्हा १० दिवसांत प्रतिवादीने बचावाच्या परवानगीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यायचा.

वादीची चूक अशी की प्रतिवादी हजर झाल्यावर तो हुकूमनाम्याची वाट बघत बसतो आणि समन्स फॉर जजमेंट काढतच नाही. प्रतिवादीची चूक जास्त महाग. वकीलपत्र दाखल झालं म्हणजे आपलं काम झालं, असं समजून तो दुसरे दहा दिवस घालवतो. उशीर माफ होऊ शकतो, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं. ‘वकील बाहेरगावी होते’ हे कारण न्यायाधीशांनी फार ऐकलेलं असतं.

अर्जात काय लिहायचं? कागद जोडून घडलेला बचाव. ‘सर्व आरोप नाकबूल’ हा बचाव नव्हे. हबटाउन प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पायऱ्या आखून दिल्यात: बचाव भक्कम असेल तर विनाअट परवानगी, शंकास्पद असेल तर रक्कम भरण्याची किंवा तारणाची अट, पोकळ असेल तर परवानगीच नाही. जेवढी रक्कम तुम्हाला मान्य आहे तेवढी भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सीमेपलीकडच्या पैशाचं

इथे अर्धवट माहितीचा सुळसुळाट आहे. पहिला गैरसमज: ‘युरोपात एक फॉर्म भरला की सगळीकडे पैसे वसूल.’ तो युरोपियन पेमेंट ऑर्डर, २००६ चा नियम १८९६, डेन्मार्क सोडून युरोपीय संघात चालतो. पण अट अशी की पक्षकारांपैकी निदान एकजण, कोर्ट ज्या देशात आहे त्याहून वेगळ्या सदस्य देशात राहणारा हवा. पुण्याचा कारखानदार आणि स्टुटगार्टचा ग्राहक जर्मन कोर्टात उभे राहिले तर ही अट बसत नाही. कारखानदाराने जर्मनीचीच माहनफरफारेन ही वसुली-आदेशाची पद्धत धरावी. जर्मनीत पत्ता नसलेल्या अर्जदारासाठी एकच कोर्ट आहे: बर्लिनचं आम्ट्सगेरिष्ट वेडिंग. कोर्ट मागणी खरी की खोटी हे बघत नाही, ग्राहकाला आदेश धाडतं. दोन आठवड्यांत हरकत आली नाही तर अंमलबजावणीचा आदेश मागायचा, आणि तो पहिला आदेश बजावल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मागितला नाहीत तर पहिला आदेश बाद. हरकतीला कारण द्यावं लागत नाही. हरकत आली की साधा दावा सुरू, आणि मग ग्राहक तुमच्याकडून कोर्टखर्चाची हमीही मागू शकतो. म्हणून ज्या ग्राहकाने मालाविषयी ईमेलवर आधीच भांडण काढलंय, त्याच्यावर ही पद्धत वाया घालवू नका.

दुसरी चूक उलट दिशेची. परदेशात एकतर्फी आदेश मिळवायचा आणि तो भारतात आणून ‘वसूल करा’ म्हणायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ए खाली ब्रिटन, सिंगापूर अशा अधिसूचित देशांच्या वरिष्ठ न्यायालयांचा पैशाचा हुकूमनामा इथल्या जिल्हा न्यायालयात थेट दरखास्तीला (अंमलबजावणीला) लावता येतो. १७ जानेवारी २०२० पासून त्यात संयुक्त अरब अमिरातीही आहे. दुबईहून परतलेल्या आणि तिथल्या बँकेचं कर्ज मागे ठेवलेल्या मराठी माणसांनी ही तारीख लक्षात ठेवावी. जर्मनी आणि अमेरिका यादीत नाहीत. तिथल्या निकालावर इथे नवा दावा लागतो, निकालापासून तीन वर्षांत.

पण ४४ए ची दरखास्तसुद्धा त्याच संहितेच्या कलम १३ च्या चाळणीतून जाते. निकाल गुणदोषांवर झालेला नसेल तर तो इथे निर्णायक नाही. इंग्लंडच्या एका लोकर विक्रेत्याने भारतीय गिरणीविरुद्ध तिथल्या कोर्टात असाच गैरहजेरीतला हुकूमनामा घेतला आणि तो भारतात आणला. इंटरनॅशनल वुलन मिल्स विरुद्ध स्टँडर्ड वुल या प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला, कारण पुरावा वाचून निकाल दिल्याचं त्यात दिसतच नव्हतं. लक्षात घ्या, विक्रेत्याची मागणी खोटी होती असं कुणी म्हटलं नव्हतं. हुकूमनाम्याला कारणं नव्हती, एवढंच. म्हणून समोरच्याची मालमत्ता भारतात असेल तर परदेशातल्या कोर्टाला पहिल्याच दिवसापासून पुरावा नोंदवून कारणांसह निकाल द्यायची विनंती करा, प्रतिवादी आला नाही तरी. त्यात महिनाभर जास्त गेला तर जाऊ द्या. दरखास्त दाखल करताना प्रमाणित प्रत आणि किती रक्कम वसूल झाली याचा तिथल्या कोर्टाचा दाखला, दोन्ही लागतात.

मुदतही परदेशाचीच. बँक ऑफ बडोदाने लंडनमध्ये १९९५ ला मिळवलेला हुकूमनामा २००९ मध्ये बंगळूरमध्ये दरखास्तीला लावला. हुकूमनाम्याला इथे बारा वर्षं असतात हे गृहीत धरणाऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० चा निकाल वाचनीय आहे: इंग्लंडची सहा वर्षांची मुदत संपली, म्हणजे संपली.

समन्स परदेशी बजावताना कुरिअर आणि ईमेलवर विसंबू नका. बजावणीच्या हेग करारात भारत २००७ पासून आहे. जर्मनीने पोस्टाने थेट बजावणीला हरकत घेतलेली आहे, तेव्हा तिथे मध्यवर्ती प्राधिकरणामार्फतच जा, जर्मन भाषांतरासह.

हुकूमनामा हातात, पुढे?

इथल्या हुकूमनाम्याच्या दरखास्तीला १२ वर्षं आहेत म्हणून निवांत बसणारे असतात. तेवढ्यात कर्जदाराचं दुकान भावाच्या नावावर जातं. दावा टाकण्याआधीच त्याच्या चेकवरून बँक आणि शाखा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, जीएसटी क्रमांकावरून व्यवसायाचे पत्ते एका कागदावर लिहून ठेवा. माहिती तोकडी पडली तर आदेश २१ नियम ४१ खाली कर्जदाराकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागता येतं. ते खोटं दिलं किंवा दिलंच नाही तर दिवाणी कैदेची तरतूद आहे. बँक खातं जप्त करायचं असेल तर दरखास्तीत खाते क्रमांक नेमका लिहा. ‘प्रतिवादीची सर्व खाती’ असं लिहिलेला अर्ज बेलिफाच्या (जप्ती करणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या) हातात काहीच देत नाही.