अ‍ॅरेतले पहिले काही घटक कसे काढावेत

इंदूरच्या सराफ्यावर रात्री काय काय मिळतं, याचं छोटं वेबपेज तुम्ही करताय असं धरू. यादी (कोडच्या भाषेत अ‍ॅरे) लांबत जाणार, पण वरच्या भागात पहिले तीनच पदार्थ दिसायला हवेत. जावास्क्रिप्टमध्ये हे एका ओळीचं काम आहे. (इथे कोड देवनागरीत दिलाय, प्रत्यक्षात स्लाइससारखे शब्द आणि आकडे रोमन लिपीतच टाइप करा.)

पदार्थ = ["गराडू", "भुट्टे का कीस", "खोपरा पॅटिस", "जलेबी", "साबुदाणा खिचडी"]
पहिले = पदार्थ.स्लाइस(०, ३)

मोजणी शून्यापासून होते, म्हणून गराडू शून्यावर. दुसरा आकडा ही थांबायची जागा. तिथला घटक धरत नाहीत. तीनवर जलेबी आहे, ती बाहेर राहते. नवख्यांची गल्लत इथेच होते: तीन हवेत म्हणून (०, २) लिहितात आणि दोनच मिळतात. पण रीत मोठी सोयीची आहे. उरलेले हवे असतील तर पदार्थ.स्लाइस(३) लिहा, एकही पदार्थ दोनदा येत नाही, एकही सुटत नाही. संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांनी १९८२ च्या टिपणात हीच बाजू मांडली होती: मोजणी शून्यापासून करा, शेवटचा आकडा वगळा.

स्लाइसऐवजी चुकून स्प्लाइस लिहू नका. स्प्लाइस(०, ३) हेच तीन पदार्थ देतं खरं, पण मूळ यादीतून काढून. मग खालच्या पूर्ण यादीत जलेबी आणि खिचडीच उरते, आणि चूक शोधता शोधता नाकी नऊ येतात.

यादीत दोनच पदार्थ असले तरी स्लाइस(०, ३) कुरकुरत नाही, दोन देतं. त्यासाठी वेगळी अट घालायची गरज नाही. मात्र पुढे पहिले[२] असेलच असं गृहीत धरलंत, तर हाती अनडिफाइन्ड, म्हणजे ‘काहीच नाही’, येईल.

सर्वांत कमी तीन भाव हवे असतील तर आधी क्रम लावा. नुसतं सॉर्ट() आकड्यांची तुलना मजकुरासारखी करतं, त्यामुळे १०० हे ४० च्या आधी येतं. शिवाय ते मूळ यादीच हलवतं. म्हणून आधी रिकाम्या स्लाइस()ने प्रत काढा, आणि सॉर्टला आकडे वजा करून तुलना करायला सांगा:

भाव.स्लाइस().सॉर्ट((अ, ब) => अ - ब).स्लाइस(०, ३)

पायथनमध्ये पदार्थ[:३], रुबीत पदार्थ.फर्स्ट(३) पुरतं. जावात मात्र सांभाळा: तिथे हेच काम करणाऱ्या अ‍ॅरेज.कॉपीऑफकडे असलेल्यापेक्षा जास्त घटक मागितले, तर उरलेल्या जागा ते आकड्यांच्या अ‍ॅरेत शून्यांनी आणि शब्दांच्या अ‍ॅरेत नलने (रिकामेपणाच्या खुणेने) भरून देतं.