पिल्लांच्या खोलीला थर्मोस्टॅट: जोडायचा कसा, सेन्सर कुठं, आकडा किती

माझ्या पहिल्या शंभर पिल्लांतली एकतीस एका रात्रीत गेली. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला बल्ब आपोआप चालू-बंद करणारं यंत्र, तेव्हा लावलेला होता, आणि सकाळी मी दार उघडलं तेव्हाही त्याच्या लाल आकड्यांत व्यवस्थित ३५ दिसत होतं. पिल्लं मात्र खोलीच्या कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली, खालची गुदमरलेली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, आधी खालच्या भुशाला हात लावला, मग वर बल्बच्या दोरीला बांधलेला सेन्सर बघितला आणि म्हणाल्या, "पिल्लं हितं खाली गारठायलेत, अन् तुझं यंत्र वर शेकत बसलंय."

चूक तेवढीच होती. वायरिंग बरोबर होतं, सेटिंग बरोबर होतं. सेन्सरच्या टोकाला जेवढी ऊब लागते तेवढीच थर्मोस्टॅटला कळते, बाकी खोलीशी त्याला देणंघेणं नसतं.

आमचं गाव जिंतूर तालुक्यात. दिवाळीनंतर इकडं दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे हात बाहेर काढवत नाही. परभणीचा पारा एक आकडी झाल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात असतेच. आमची पिल्लांची खोली पत्र्याची, म्हणजे दिवसा तापते आणि रात्री तितकीच झपाट्यानं निवते. नुसते बल्ब लावले तर दुपारी ते बंद करायला कोणीतरी घरी पाहिजे आणि रात्री तीनदा उठून बघायला पाहिजे. खुडूक कोंबडीखाली दहा पिल्लं असतात तोवर तिचं ती बघते. शंभर पिल्लं पेटीतून आणली की कोंबडीचं काम आपल्याकडं येतं.

थर्मोस्टॅटसाठी तालुक्याच्या दुकानात "अंडी उबवायच्या मशीनचा कंट्रोलर द्या" म्हटलं की कळतं. मी वापरते तो एसटीसी-१०००, काळ्या रंगाचा, पुढं चार बटणं आणि आकडे, मागं आठ स्क्रू. मला साडेचारशेला पडला. त्याहून स्वस्तातली उघडी, बारा व्होल्टची छोटी पाटीही मिळते. पिल्लांच्या खोलीत भुशाची धूळ सतत उडते, म्हणून उघडी पाटी मी घेत नाही. घेताना खोक्यावर २२० व्होल्ट लिहिलंय का ते बघा, कारण त्याच रूपात बारा आणि चोवीस व्होल्टचाही येतो. तो घरच्या लाईटवर जोडला तर फट्दिशी जातो.

त्याच्यासोबत लागतं ते असं: पिवळे १०० वॅटचे चार बल्ब, चिनी मातीचे होल्डर, प्लास्टिकचा एक बंद बोर्ड, तीन पिनांचा प्लग, ६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटण), दीड एमएमची वायर. होल्डर प्लास्टिकचे घेऊ नका, आठ दिवसांत उन्हाळ्यातल्या गुळासारखे वाकतात. बल्बही एलईडीचे चालत नाहीत. दुकानदार "हाच जास्त उजेड देतो, ताई" म्हणून गळ्यात मारायला बघतो. आपल्याला उजेड नको, ऊब पाहिजे. साधा हिशेब पिल्लामागं २ वॅटचा, म्हणजे शंभराला २०० वॅट. आमच्याकडच्या थंडीला मी ४०० लावते, कारण रात्री गावात व्होल्टेज पडतं. २३०च्या जागी १८० आलं की १०० वॅटचा बल्ब दोन-तृतीयांशावर येतो. ते त्याच्या लालसर उजेडावरूनच कळतं. जास्तीचे वॅट असले तरी बिघडत नाही, गरज संपली की थर्मोस्टॅट ते बंदच ठेवतो. कंट्रोलरच्या रिलेला, म्हणजे बल्ब चालू-बंद करणाऱ्या आतल्या बटणाला, १० अँपिअर झेपतात आणि चार बल्ब मिळून दोन अँपिअरसुद्धा घेत नाहीत.

आता जोडणी. माझे धाकटे दीर वायरमनचं काम करतात, त्यांनी समोर बसवून शिकवलं. तुम्हाला फेज-न्यूट्रल टेस्टरनं ओळखता येत नसेल तर हा भाग वायरमनकडूनच करून घ्या, लाजायचं काही कारण नाही. आधी मेन बंद करा.

मागच्या स्क्रूंना आकडे असतात. १ आणि २ वर कंट्रोलरची स्वतःची लाईट: १ ला फेज, २ ला न्यूट्रल. ३ आणि ४ वर सेन्सरच्या दोन तारा, त्यात उलटसुलट काही नसतं. ५ आणि ६ हीटिंगचे, ७ आणि ८ कूलिंगचे. बहुतेकजण फसतात ते ५ आणि ६ वर. बल्बच्या दोन्ही तारा ५ आणि ६ ला जोडून लोक वाट बघत बसतात आणि मग "पीस खराब आहे" म्हणून परत करायला जातात. ५ आणि ६ मधून लाईट बाहेर येत नाही. आत नुसतं एक बटण आहे असं समजा. त्या बटणाला फेज आपणच द्यायचा. म्हणून १ नंबरवरून एक तुकडा ५ ला मारायचा, इकडं त्याला लूप म्हणतात. ६ मधून निघालेली तार बल्बांच्या फेजला, आणि बल्बांचा न्यूट्रल कंट्रोलरला न नेता सरळ मेन न्यूट्रलला. बल्बांवर पत्र्याची टोपी असेल तर तिला अर्थिंग द्यायलाच पाहिजे. सगळं बोर्डाच्या आत बंद करा. पिल्लांना तारा टोचायला आवडतात आणि उंदरांना कुरतडायला.

भाऊजींनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मी आजही पाळते. चारही बल्ब कंट्रोलरवर घ्यायचे नाहीत. एक बल्ब वेगळ्या बटणावर थेट ठेवायचा आणि तीन कंट्रोलरवर. मध्यरात्री सेन्सरची तार तुटली तरी एक बल्ब जिवंत राहतो. दुपारी तो एक हातानं बंद करायचा. शिवाय शून्य वॅटचा एक बारका दिवा रात्रभर चालूच पाहिजे. थर्मोस्टॅटनं बल्ब बंद केले की खोलीत एकदम अंधार होतो, पिल्लं घाबरतात आणि एका जागी गोळा होऊन एकमेकांवर चढतात. थंडीनं जेवढी मरत नाहीत तेवढी अशी दाबून मरतात.

लाईट चालू केल्यावर सेन्सर खरं बोलतो का ते आधी तपासा. घरात ताप बघायचं डिजिटल थर्मामीटर असतं. स्टीलच्या तांब्यात जेमतेम कोमट पाणी घ्या, त्यात थर्मामीटरचं टोक आणि सेन्सरचं टोक शेजारी-शेजारी सोडा, आणि कंट्रोलर चालू असताना पाण्यात बोटं घालू नका. ऊन पाणी थोडं-थोडं ओतत थर्मामीटर ९८.६ वर चढवा; तापाचा थर्मामीटर चढलेला आकडा धरून ठेवतो, म्हणून वरून खाली आणू नका. तो फॅरनहाइटचा आकडा झाला, म्हणजे बरोबर ३७ सेल्सिअस. पहिल्या खेपेला माझ्या कंट्रोलरनं तिथं ३८.२ दाखवलं होतं. सव्वा डिग्रीचा फरक आपल्याला कळतही नाही, एका दिवसाच्या पिल्लाला कळतो.

सेटिंगसाठी 'एस' लिहिलेलं बटण तीन सेकंद दाबून धरा, एफ१ येतं. वरच्या-खालच्या बाणानं एफ२, एफ३, एफ४ असं फिरता येतं. त्यातला आकडा बदलायचा तर एस दाबून धरूनच बाण दाबायचा. झालं की पॉवरचं बटण एकदा हलकं दाबायचं, तेव्हा ते लक्षात ठेवतं. इथं घोळ असा की दहा सेकंद काही दाबलं नाही तर ते न ठेवताच बाहेर येतं, आणि पॉवरचं बटण तीन सेकंद दाबून धरलं तर यंत्रच बंद होतं. एकदा आमच्या पोरानं खेळता-खेळता ते बंद केलं होतं. तेव्हापासून बोर्ड मी दाराच्या वरच्या चौकटीला लावलाय.

एफ१ म्हणजे पाहिजे ते तापमान. एफ२ म्हणजे फरक: एफ१ ला ३५ आणि एफ२ ला १ ठेवलं तर ३५ झाल्यावर बल्ब बंद होतात आणि तापमान ३४ वर उतरलं की लागतात. नवा कंट्रोलर येतो तेव्हा एफ२ अर्ध्या डिग्रीवर असतो. तेवढा ठेवला तर आतला रिले रात्रभर टिक-टिक करतो आणि बल्ब लवकर उडतात. मी १ ठेवते. दोनच्या वर नेऊ नका. एफ३ कूलिंगसाठी आहे, आत्ता सोडून द्या. एफ४ मध्ये मघाचा फरक भरायचा: माझा १.२ नं जास्त दाखवत होता, म्हणून उणे १.२. लाईट गेली तरी हे आकडे पुसले जात नाहीत.

आता सेन्सर. पिल्लांभोवती पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं गोल कडं करा, दीड फूट उंच. गोलच करा, कोपरा ठेवू नका. माझी एकतीस कोपऱ्यातच गेली. शंभर पिल्लांना आरपार पाच फुटांचं गोल सुरुवातीला पुरतं. खाली दोन इंच भुसा. भाताचं तूस आमच्याकडं कुठलं मिळायचं, मी भुईमुगाची टरफलं बारीक करून घालते. बल्ब मधोमध, भुशापासून दीड फुटावर, तारेनं किंवा साखळीनं टांगलेले. विजेच्या वायरवर बल्बाचं वजन नको. एक बल्ब निसटून टरफलांत पडला तर काय होईल ते सांगायला नको.

सेन्सर बल्बच्या बरोबर खाली नको आणि कड्यालाही चिकटून नको. मध्य आणि कडं यांच्या अधेमधे, भुशापासून दोन इंच वर, म्हणजे पिल्लाच्या पाठीच्या उंचीला. उघडा ठेवला तर पिल्लं टोचतात, त्यावर बसतात, हगतात, आणि विष्ठेचा थर बसलेला सेन्सर उशिरा बोलतो. मी त्याच्यावर चहाची जुनी जाळीची गाळणी पालथी बांधते. हवा जाते, चोच जात नाही. तार दोनच मीटर असते, कमी पडली तर साधी जोडवायर लावून वाढवा, सांधा मात्र कड्याच्या बाहेर ठेवा. पिल्लं वाढतील तसा दर आठवड्याला सेन्सर इंचभर वर घ्या.

पिल्लं येणार त्याच्या आदल्या संध्याकाळीच सगळं चालू करा. हवा तासाभरात तापते, भुसा आणि खालची फरशी तापायला रात्र लागते. पहिला आठवडा ३५, मग दर आठवड्याला तीन-तीन कमी: ३२, २९, २६. चौथ्या आठवड्यानंतर पंख भरतात, दिवसा गरज राहत नाही.

हे आकडे सुरुवातीला धरायचे, नंतर पिल्लं सांगतील तसं. पिल्लं आली की तासाभरानं दारात उभं राहा, आत जाऊ नका, नुसतं बघा. बल्बखाली गोळा होऊन मोठ्यानं चिवचिवत असतील तर थंडी वाजते, एफ१ एकानं वाढवा. कड्याला टेकून, चोच उघडी टाकून धापत असतील तर उकडतंय, एकानं कमी करा. सगळी एकाच बाजूला असतील तर आकड्याला हात लावू नका, दुसऱ्या बाजूनं वारा येत असणार, तिकडं बारदान टांगा. गोलभर पसरून, काही खातायत, काही पाय लांब करून झोपलीत असं दिसलं की बरोबर. माझ्याकडं गिरिराजची पिल्लं असतात, त्यांना पहिल्या आठवड्यात ३४ वरच बरं वाटतं. आत्याबाई कंट्रोलरकडं अजूनही बघत नाहीत. दाराबाहेरून ऐकतात आणि "गुमान हायेत" म्हणून निघून जातात. त्यांनी एकदा तसं म्हटलं की मग मीही बघत नाही.

लाईट गेल्यावर थर्मोस्टॅटचा काहीच उपयोग नाही, म्हणून सोय आधी करून ठेवा. आमच्याकडं चुलीवर पाण्याचं भगुणं चढलेलंच असतं. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत ऊन पाणी भरून, जुन्या लुगड्यात गुंडाळून कड्याच्या आत चार जागी ठेवते आणि वरून बारदान अर्धं झाकते. दीड-दोन तास निघतात. कोळशाची शेगडी लावणारे पुष्कळ आहेत. लावलीच तर खिडकी उघडी पाहिजे. बंद खोलीतल्या कोळशाच्या धुरात न दिसणारा विषारी वायू असतो, तो पिल्लांना मारतो आणि बघायला गेलेल्या माणसालाही.

दर तुकडी संपल्यावर एक तपासणी करते: सेन्सर हाताच्या मुठीत धरते. आकडा वर चढून कंट्रोलरवरचे बल्ब बंद झाले पाहिजेत. टिक आवाज येऊनही बल्ब चालूच राहिले तर आतला रिले चिकटला. तसा कंट्रोलर ठेवू नका, दुसरा आणा. आकड्यांच्या जागी 'ईई' आलं तर सेन्सर गेला. तो सुटा मिळतो, अख्खं यंत्र बदलायची गरज नाही.

होळीनंतर ऊब लागत नाही, पण हाच डबा मी काढून ठेवत नाही. एप्रिलपासून पत्र्याखाली कोंबड्या धापायला लागतात. मग १ वरून दुसरा लूप ७ ला, ८ मधून पंख्याचा फेज, बल्बांची तार ६ वरून सोडवलेली आणि तिच्या टोकाला टेप. एफ१ ला ३२, एफ२ ला १, म्हणजे ३३ झालं की पंखा लागतो. एफ३ तीन मिनिटांवर असतो तो एकावर आणते. तो थांबा फ्रिजच्या कॉम्प्रेसरसाठी आहे, पंख्याला लागत नाही. सेन्सर तेव्हाही कोंबडीच्या पाठीच्याच उंचीला, फक्त आता जमिनीपासून फूटभर वर.